इंडोनेशियाचं 109 जणांचं मंत्रिमंडळ : कारभारासाठी की सगळ्यांच्या सोयीसाठी?

मसालाबेट

मंडळी, आग्नेय आशियाच्या राजकारणावर आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही, थायलंडचा पंतप्रधान बदलला की एखादी बातमी येते तेवढीच, म्हणून म्हटलं इंडोनेशियाचा विषय काढू.

20 ऑक्टोबर 2024 ला प्राबोवो सुबियांतो राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच रात्री त्यांनी मंत्र्यांची यादी वाचून दाखवली, दुसऱ्या दिवशी शपथविधी. यादी काही संपेचना. 48 मंत्री, 56 उपमंत्री, वर मंत्र्याच्या दर्जाचे 5 संस्थाप्रमुख, असे मिळून 109. जोकोवींच्या (जोको विडोडो) काळात मंत्री होते 34, आणि ते काही त्यांच्या साधेपणामुळे नाही, 2008 च्या कायद्यातच 34 च्या वर मंत्रालयं काढायची नाहीत असं लिहिलेलं होतं. मग आता हे कसं जमलं? तर शपथविधीच्या महिनाभर आधी, सप्टेंबर 2024 मध्ये मावळत्या संसदेने कायद्यातून तो आकडाच काढून टाकला. अध्यक्षाला वाटतील तेवढी मंत्रालयं. विषय संपला.

आता गंमत बघा. इंडोनेशियात अध्यक्षीय पद्धत आहे. मंत्री नेमायचे-काढायचे ते अध्यक्षाच्या मर्जीवर, घटनेच्या 17 व्या कलमात तसं आहे. संसदेतलं बहुमत गेलं म्हणून सरकार पडत नाही. म्हणजे आपल्यासारखं नाराज आमदाराला हॉटेलात नेऊन ठेवा, अपक्षाला राज्यमंत्रिपदाचं गाजर दाखवा असली काही सक्ती नाही. शिवाय प्राबोवो 58 टक्क्यांवर मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आलेले. तरी एवढी खोगीरभरती!

माझं म्हणणं असं की ही गर्दी काम करायला जमवलेलीच नाही, बाहेर राहून बोलणारं कुणी उरू नये म्हणून जमवलीय. संसदेत जागा 580. त्यात ज्यांनी सरकारपासून लांब राहायचं ठरवलं तो माजी अध्यक्षा मेगावतींचा पक्ष पीडीआय-पी, 110 जागा. बाकी 470 या ना त्या प्रकारे सरकारकडे. नासदेम पक्षाने मंत्रिपदं घेतली नाहीत पण पाठिंबा दिलाच. विरोधी पक्ष म्हणून समोर राहिलं कोण?

तुमचं काय मत? कुणी तिकडे राहत असेल तर जरूर लिहा.

कोकमसरबत

470/580!! अशा संसदेत प्रश्न विचारायला हात तरी कोण वर करत असेल.

आकडेमोड

धागा छान. मुख्य नावं देतो म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

मंत्रिमंडळाचं नाव मेराह पुतिह, म्हणजे लाल-पांढरं, झेंड्याच्या रंगांवरून. तिकडे प्रत्येक मंत्रिमंडळाला नाव असतं, मेगावतींचं गोतोंग रोयोंग, जोकोवींचं पहिलं केर्जा आणि दुसरं इंडोनेशिया माजू.

सगळ्यात वर 7 समन्वय मंत्री. त्यांच्या हाताखाली बाकीच्या मंत्रालयांचे गट. सुरुवातीचे सात असे: राजकारण-सुरक्षा बुदी गुनावान (आधी गुप्तचर खात्याचे प्रमुख), कायदा-मानवाधिकार-इमिग्रेशन-तुरुंग युस्रिल इह्झा महेंद्र, अर्थव्यवस्था एअरलांगा हार्तार्तो (गोलकार पक्ष), मानव विकास आणि संस्कृती प्राटिक्नो, पायाभूत सुविधा आगुस हारिमुर्ती युधोयोनो (माजी अध्यक्षांचे चिरंजीव), समाज सक्षमीकरण मुहैमिन इस्कंदर आणि अन्न झुल्किफ्ली हसन.

त्यानंतर अर्थ श्री मुल्यानी, परराष्ट्र सुगियोनो, संरक्षण शाफ्री शामसुद्दिन, गृह टिटो कार्नाव्हियान (माजी पोलीसप्रमुख). उपाध्यक्ष गिब्रान, हे जोकोवींचे थोरले.

यातले मुहैमिन लक्षात ठेवा. फेब्रुवारी 2024 च्या निवडणुकीत ते प्राबोवोंच्या विरोधात उपाध्यक्षपदाला उभे होते, अनीस बास्वेदान यांच्या जोडीला. हरले आणि आठ महिन्यांत समन्वय मंत्री.

चहातखारी

आठ महिने? आमच्याकडे आठ तासात शपथ होते, तीही सकाळी सकाळी 😂

दक्षिणजकार्ता

मी इथे बरीच वर्षं आहे, टेक्स्टाईलच्या धंद्यात, म्हणून लिहितो. यादी जाहीर व्हायच्या आठवडाभर आधीचा तमाशा तुम्ही बघायला हवा होता. प्राबोवोंचं घर केबायोरान बारूमधल्या केर्तानेगारा रस्त्यावर आहे. 14 आणि 15 ऑक्टोबरला भावी मंत्री आणि उपमंत्री एकेक करून तिथे बोलावले होते, पहिल्या दिवशी मंत्री, दुसऱ्या दिवशी उपमंत्री. फाटकाबाहेर टीव्हीवाल्यांची झुंबड, गाडी आली की सगळे धावणार, मग बाटिकचा शर्ट घातलेला एखादा गृहस्थ उतरून हात हलवत आत जाणार, थोड्या वेळाने बाहेर येऊन माईकसमोर उभा राहून सांगणार की मला मदत करायला सांगितलंय, कुठलं खातं ते अध्यक्षच सांगतील. दोन दिवस हेच. आमच्या ऑफिसात टीव्ही चालूच होता आणि पोरं पैज लावत होती की आता उतरणारा कुठल्या पक्षाचा.

दोन दिवसांत शंभराच्या वर माणसं त्या फाटकातून आत गेली. मग सगळ्यांना हांबालांगला प्राबोवोंच्या फार्महाऊसवर नेऊन वर्ग घेतले. लोक याला काबिनेत गेमुक म्हणतात, लठ्ठ मंत्रिमंडळ. टॅक्सीवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द.

पण मसालाबेट, एक सांगतो. इथे बऱ्याच जणांना हे वाईट वाटत नाही. भांडण नको, सगळे मिळून बसा, ही इथली आवडती गोष्ट आहे. 2014 आणि 2019 ला प्राबोवो जोकोवींविरुद्ध लढले, 2019 ला निकालानंतर जकार्तात दंगल झाली, माणसं मेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्राबोवो जोकोवींचे संरक्षणमंत्री झाले. तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निश्वास टाकला होता. जी युक्ती आपल्यावर चालली तीच आता ते दुसऱ्यांवर चालवतायत.

उलटतपासणी

मला हा सगळा सूर जरा एकांगी वाटतोय. 17 हजारांवर बेटं, 28 कोटी लोकसंख्या, आचेहपासून पापुआपर्यंत तीन टाइमझोन. प्राबोवो स्वतः म्हणतात की आमचा देश युरोपएवढा पसरलाय, एवढ्या देशाला मोठं मंत्रिमंडळ लागणारच, आणि त्यात तथ्य आहे. जोकोवींच्या काळात शिक्षण, संस्कृती, संशोधन आणि तंत्रज्ञान हे सगळं एकाच मंत्र्याच्या गळ्यात होतं. बालवाडीपासून उपग्रहापर्यंत एक माणूस काय बघणार? ते फोडून तीन केले: शाळा अब्दुल मुती, उच्च शिक्षण आणि विज्ञान सात्र्यो ब्रोजोनेगोरो, संस्कृती फादली झोन. पर्यावरण आणि वनं वेगळी केली, हेही बरोबरच आहे, झाडं तोडायची परवानगी देणारा आणि प्रदूषणावर लक्ष ठेवणारा एकच कशाला? घरबांधणी सार्वजनिक बांधकामातून काढली. यात चूक काय?

नुसता आकडा बघून नाकं मुरडू नका.

मसालाबेट

उलटतपासणी, वनं-पर्यावरणाचं मान्य. पण मंत्रालय फोडलं म्हणजे काम वाटलं गेलं असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात पहिलं वर्ष पाट्या बदलण्यात जातं. कर्मचारी कुणाकडे, इमारत कुणाची, बजेटमधली कुठली ओळ कुणाच्या नावावर. तुम्ही ज्या उच्च शिक्षणाचं उदाहरण दिलंत तिथेच काय झालं बघा. 20 जानेवारी 2025 ला त्या मंत्रालयाचे कर्मचारी काळे कपडे घालून आपल्याच ऑफिससमोर उभे राहिले, मंत्री आम्हाला वाटेल तसं वागवतात, एका बाईंना तडकाफडकी काढलं असा आरोप. मंत्र्यांनी आरोप नाकारले. महिन्याभरात, 19 फेब्रुवारीला, सात्र्यो गेले आणि ब्रायन युलियार्तो आले. या मंत्रिमंडळातला पहिला खांदेपालट तो. चार महिन्यांत!

आणि मानवाधिकार मंत्रालय घ्या. कायदा खात्यातून फोडून वेगळं काढलं, मंत्री नातालिउस पिगाई. बजेट होतं 64 अब्ज रुपिया. हे आल्या आल्या म्हणाले मला 20 लाख कोटी, म्हणजे 20 ट्रिलियन पाहिजे. तीनशे पट!! देशभर हशा झाला. मला तर त्या माणसाची थोडी कीवच आली, कारण दिलं होतं ते मंत्रालय नव्हतंच, पाटी होती.

आकडेमोड

20 ट्रिलियन = 20 लाख कोटी, गणित बरोबर आहे, रुपियात सगळंच फुगलेलं दिसतं. घाबरू नका.

कोकमसरबत

बायका किती त्यात? कुणीच लिहिलं नाही म्हणून विचारते.

दक्षिणजकार्ता

ताई, 48 मंत्र्यांत सुरुवातीला 5. श्री मुल्यानी (अर्थ), मेउत्या हाफिद (संपर्क आणि डिजिटल), विदियांती (पर्यटन), अरिफातुल खोइरी फौझी (महिला आणि बालक), रिनी विद्यांतिनी (प्रशासकीय सुधारणा). जोकोवींच्या 2014 च्या पहिल्या मंत्रिमंडळात 34 त 8 होत्या. एकूण वाढले, त्या कमी झाल्या. मेउत्या हाफिद आधी टीव्ही पत्रकार होत्या, 2005 मध्ये इराकमध्ये वार्तांकन करताना ओलीस धरलं होतं त्यांना, सुटून आल्या. आणि रिनीबाईंकडे खातं कुठलं, तर सरकारी यंत्रणा आटोपशीर करायचं. 109 जणांच्या सरकारात! त्यांना रोज काय वाटत असेल देव जाणे.

कोकमसरबत

48 मध्ये 5. म्हणजे "सगळ्यांना सामावून घेतलं" यातलं सगळे म्हणजे सगळे पुरुष. धन्यवाद.

जुनीपानं

इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो, जरा लांब होईल.

तुम्ही सगळे पक्षांचं गणित मांडताय पण या मंत्रिमंडळातली खरी अंगावर येणारी गोष्ट उपमंत्र्यांच्या यादीत आहे. 1998 साल. लष्करशहा सुहार्तो अजून सत्तेवर. प्राबोवो त्यांचे जावई आणि त्या काळात कोपास्सुस या कमांडो दलाचे प्रमुख. लोकशाहीसाठी चळवळ करणारी पोरं एकेक करून गायब व्हायला लागली. कोपास्सुसच्या एका तुकडीने, तिला "गुलाब पथक" म्हणायचे, त्यांना उचललं होतं. त्यातले नऊ जण परत आले, 13 आजपर्यंत बेपत्ता आहेत. प्राबोवोंना त्याच वर्षी लष्करातून काढलं. परत आलेल्यांची जबाबदारी ते घेतात, बाकीच्यांचं आपल्याला माहीत नाही म्हणतात.

आता 2024 ची यादी काढा. संपर्क आणि डिजिटलचे उपमंत्री नेझार पात्रिया. उद्योगाचे उपमंत्री फैसोल रिझा. मानवाधिकाराचे उपमंत्री मुगियांतो. हे तिघेही त्या नऊ जणांतले. ज्याच्या हाताखालच्या माणसांनी डोळ्यांवर पट्टी बांधून उचललं त्याच्याच सरकारात शपथ घेतली. आणि मुगियांतोंनी नंतर कितीतरी वर्षं बेपत्ता लोकांच्या कुटुंबांसाठी काम केलं होतं, त्यांच्या आयांबरोबर उभे राहिले होते.

मी त्यांना गद्दार वगैरे म्हणणार नाही, इथे बसून म्हणायचा मला अधिकार नाही. आत जाऊन काही करता येईल असं खरंच वाटलं असेल. पण जकार्तात राजवाड्यासमोर 2007 पासून दर गुरुवारी काळ्या छत्र्या घेऊन माणसं उभी राहतात, मारल्या गेलेल्यांचे, बेपत्ता झालेल्यांचे नातेवाईक, त्यांच्या बाजूने विचार करा. आपल्या मुलाबरोबर जो कोठडीत होता तो आता त्या कुंपणाच्या आत आहे. विरोधकाला पद देऊन गप्प करणं जगभर चालतं, साक्षीदाराला पद देणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे आता मानवाधिकार मंत्रालयही आहे, त्याला उपमंत्रीही आहे, आणि 1998 चा प्रश्न विचारला की सरकार म्हणतं बघा, तेच आमच्यात आहेत.

वर जून 2025 मध्ये संस्कृतीमंत्री फादली झोन म्हणाले की मे 98 च्या दंगलीतल्या सामूहिक बलात्कारांना पुरावा नाही. सुहार्तोंनंतरचे अध्यक्ष हाबीबी यांच्या काळात सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन समितीने ते नोंदवलेले असताना. हे मंत्रालय तेव्हा सरकारी इतिहास नव्याने लिहून घेत होतं, म्हणून त्या वाक्याला जास्त वजन.

चहातखारी

बाप रे. मी वर विनोद करत होतो. हे माहीतच नव्हतं.

उलटतपासणी

जुनीपानं, प्रतिसाद उत्तम, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच, त्या तिघांपैकी नेझार पात्रिया जोकोवींच्या शेवटच्या काळातही उपमंत्री होते, तेव्हा सगळं श्रेय प्राबोवोंना देऊ नका 🙂 ही सामावून घ्यायची पद्धत जुनीच आहे.

मसालाबेट

जुनीच आहे हे खरं, आणि ती नेहमी पचते असंही नाही. फेब्रुवारी 1966 मध्ये पहिले अध्यक्ष सुकार्नोंनी शंभराहून जास्त मंत्र्यांचं मंत्रिमंडळ केलं होतं, लोक त्याला शंभर मंत्र्यांचं मंत्रिमंडळ म्हणायचे. शपथविधीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी जकार्ताचे रस्ते अडवले, गाड्यांच्या टायरची हवा सोडली, मंत्र्यांना हेलिकॉप्टरने राजवाड्यात न्यावं लागलं. त्या दिवशी गोळीबारात एक विद्यार्थी गेला. मंत्रिमंडळ महिनाभर टिकलं. प्राबोवोंचं त्यानंतरचं सगळ्यात मोठं.

उलट अध्यक्ष गुस दुर (अब्दुर्रहमान वाहिद) यांनी 1999 मध्ये माहिती मंत्रालय आणि समाजकल्याण मंत्रालय सरळ बंद करून टाकली होती, म्हणजे कमी करणाराही एक होऊन गेला. त्यांना पुढे संसदेने काढलं ती गोष्ट वेगळी.

राखेतलानिखारा

आपल्याकडे निदान 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने 15 टक्क्यांची मर्यादा आहे. 288 आमदार, मंत्री जास्तीत जास्त 43. त्यामुळे ज्यांचं नाव राहतं ते महामंडळ मागतात. इंडोनेशियात पण महामंडळांसारखं काही असेलच की.

दक्षिणजकार्ता

असेल काय, आहेच. नुसतं मंत्रिपद घेऊन भागत नाही म्हणून तीसेक उपमंत्री सरकारी कंपन्यांमध्ये कमिशनर म्हणूनही बसवलेले होते, तेल कंपनी, टेलिकॉम, वीज, बँका, सगळीकडे. कमिशनर म्हणजे देखरेख करणारं मंडळ. पगार दोन्हीकडचा, आणि कंपनीचा भत्ता उपमंत्र्याच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त. मंत्र्यांना कायद्याने हे करता येत नाही, उपमंत्र्यांचं नाव कायद्यात नव्हतं, ती पळवाट. शेवटी घटना न्यायालयाने निकाल दिला की मंत्र्यांना जी बंदी ती उपमंत्र्यांनाही, पण दोन वर्षांची मुदत दिली.

तो निकाल आला 28 ऑगस्ट 2025 ला. त्याच संध्याकाळी काय झालं ते बाहेरच्यांनाही माहीत असेल. खासदारांना घरभाडं म्हणून महिन्याला 5 कोटी रुपिया मिळतात (आपले साधारण पावणेतीन लाख रुपये, जकार्ताच्या किमान वेतनाच्या जवळपास दहापट) हे कळल्यावर संसदेबाहेर आंदोलन पेटलं होतं. त्या गर्दीत पोलिसांच्या चिलखती गाडीखाली एक 21 वर्षांचा ओजोलवाला पोरगा गेला. ओजोल म्हणजे ॲपवरचा बाईक टॅक्सीवाला, हिरवं जॅकेट, इथे प्रत्येक सिग्नलला पन्नास दिसतात, आमच्या फॅक्टरीतल्या निम्म्या कामगारांच्या घरात कुणीतरी एक तरी ओजोल चालवतोच. त्याच्या अंत्ययात्रेला ही हिरवी जॅकेटं हजारोंनी. मग मकास्सारमध्ये विधानसभेची इमारत जळली, काही खासदारांची घरं लुटली, आणि 31 तारखेच्या पहाटे बिंतारोमध्ये श्री मुल्यानींचं घर लुटलं. आम्ही आठवडाभर कामगारांना लवकर घरी सोडत होतो.

रागाचं कारण साधं होतं. जानेवारीत अध्यक्षांनी काटकसरीचा आदेश काढला, 306 ट्रिलियन रुपियांची कपात, सरकारी ऑफिसात एसी-लिफ्ट कमी चालवा, स्टेशनरी जपून वापरा. ती कपात चालू असताना 109 जणांच्या गाड्या, सचिव, सल्लागार आणि वर खासदारांचं घरभाडं. कुणाला पटेल?

कोकमसरबत

शाळेतल्या मुलांच्या मोफत जेवणाची योजना पण याच पैशातून ना? ती तरी चांगली आहे की.

दक्षिणजकार्ता

हो, जानेवारी 2025 पासून चालू झाली. हेतू चांगलाच, पण ठिकठिकाणी विषबाधा झाल्या, खूप मुलं आजारी पडली. त्यावर वेगळा धागा काढा, मोठा विषय आहे.

आकडेमोड

त्यानंतरचा खांदेपालट लिहून ठेवतो. 8 सप्टेंबर 2025 ला पाच मंत्री गेले: बुदी गुनावान, श्री मुल्यानी, अब्दुल कादिर कार्दिंग (स्थलांतरित कामगार), बुदी आरी (सहकार), दितो आरियोतेजो (युवक आणि क्रीडा). त्याच दिवशी हज आणि उमरा हे नवीन मंत्रालय काढलं. म्हणजे लोक रस्त्यावर उतरले, घरं लुटली गेली, आणि मंत्रालयांची संख्या एकाने वाढली!

17 तारखेला पुन्हा: बुदी गुनावान यांच्या जागी निवृत्त जनरल जामारी चानियागो, आणि सरकारी कंपन्यांचे मंत्री एरिक तोहिर (एकेकाळचे इंटर मिलान क्लबचे मालक) क्रीडा खात्यात. सरकारी कंपन्यांचं मंत्रालय पुढच्याच महिन्यात रद्द करून त्याची साधी संस्था केली. तेवढं एक कमी झालं म्हणायचं.

उलटतपासणी

श्री मुल्यानींना काढणं हे मात्र मलाही पटलं नाही. 2005 ते 2010 तेव्हाचे अध्यक्ष युधोयोनो यांच्या अर्थमंत्री, मग जागतिक बँकेत व्यवस्थापकीय संचालक, 2016 पासून जोकोवींच्या आणि मग प्राबोवोंच्या. तीन अध्यक्ष! बाहेरचे गुंतवणूकदार इंडोनेशियाकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून पैसे लावायचे. त्या गेल्या त्या दिवशी शेअर बाजार पडला.

मसालाबेट

आणि बरोबर ह्याच ठिकाणी माझा मुद्दा. 109 जणांतली ही बाई अशी होती की जिला कुठल्या पक्षाने पाठवलं नव्हतं, म्हणून तिला काढायला कुणाशी बोलणी करावी लागली नाहीत. गोलकारकडे सुरुवातीला 8 मंत्रिपदं होती, तिथे हात लावायचा म्हणजे एअरलांगा, पक्षाध्यक्ष बाहलिल सगळ्यांशी बोलावं लागतं. पक्षातले गेले तेही असे की ज्यांच्या मागे कुणी फार उभं राहणार नव्हतं. सगळ्यांना आत घेतलं की कुणालाच बाहेर काढता येत नाही, मग ज्याला कुणी वाली नाही तो जातो, आणि नेमका तोच कामाचा असतो.

त्यांच्या जागी आलेले पुरबया युधी सादेवा आधी ठेव विमा संस्थेचे प्रमुख होते. आल्या आल्या मध्यवर्ती बँकेत पडलेले सरकारचे 200 ट्रिलियन काढून सरकारी बँकांमध्ये टाकले, म्हणाले कर्ज वाटा. बोलतात बिनधास्त, लोकांना आवडतायतही.

दक्षिणजकार्ता

आमच्या बँकेने लगेच फोन केला, कर्ज हवंय का म्हणून. मी म्हटलं ऑर्डर आणून द्या आधी, कर्जाचं बघू.

राखेतलानिखारा

ते मंत्र्यांना लष्करी गणवेश घालून तंबूत झोपवलं होतं ते हेच ना? व्हॉट्सॲपवर फोटो आलेले.

जुनीपानं

हेच. ऑक्टोबर 2024 च्या शेवटी मागेलांगच्या लष्करी अकादमीत, जिथे प्राबोवो स्वतः शिकले. हर्क्युलस विमानात बसवून नेलं, हिरव्या-तपकिरी वर्दीत पहाटे कवायत, मग दिवसभर वर्ग. सत्तरीच्या आसपासचे प्राध्यापक, उद्योगपती, मौलवी, सगळे एका रांगेत डावं-उजवं करतायत. उद्देश एकजूट. खर्च प्राबोवोंनी स्वतः केला असं सांगितलं.

मला त्या कवायतीत वावगं वाटलं नाही, ते फोटोंसाठी होतं. खरी काळजी वेगळी. कॅबिनेट सचिव टेडी इंद्रा विजया, आधी प्राबोवोंचे सहायक, हे पदावर आले तेव्हा नोकरीतले लष्करी अधिकारी होते. त्यावर ओरड झाली, आणि मार्च 2025 मध्ये लष्कराचा कायदाच बदलून नोकरीतल्या अधिकाऱ्यांना आणखी नागरी संस्थांमध्ये बसायची मुभा दिली. 98 च्या पोरांनी ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला त्यात लष्कराला कारभारातून बाहेर काढणं ही पहिली मागणी होती.

चहातखारी

कायदा आडवा आला की माणूस बदलत नाहीत, कायदा बदलतात. 34 चा आकडा पण तसाच गेला.

कोकमसरबत

या 109 च्या बाहेर पण खास दूत वगैरे आहेत ना? एका धर्मोपदेशकाचा चहावाल्याबरोबरचा व्हिडिओ बघितला होता.

दक्षिणजकार्ता

हो, ते अध्यक्षांचे खास दूत, सल्लागार, यांची मोजणी वेगळीच. टीव्ही स्टार राफी अहमद पण त्यातच आहे. तुम्ही म्हणताय ते गुस मिफ्ताह, धार्मिक सलोख्याचे दूत. नोव्हेंबर 2024 मध्ये मागेलांगलाच एका प्रवचनात समोर बर्फाचा चहा विकत फिरणाऱ्याला स्टेजवरून शिवी दिली, स्टेजवरचे बाकीचे खदाखदा हसले. तो बिचारा डोक्यावर ट्रे घेऊन नुसता उभा. व्हिडिओ पसरला, पूर्ण देशाने बघितलं, प्राबोवोंच्या कार्यालयाने खेद व्यक्त केला, 6 डिसेंबरला दूतसाहेबांचा राजीनामा. चहावाल्याला मात्र लोकांनी इतकी मदत केली की विचारू नका, कुणी पैसे, कुणी उमराची यात्रा.

उलटतपासणी

म्हणजे जनता जागी आहे, विरोधी पक्ष नसला तरी. घरभाडं पण रद्द करावं लागलंच ना शेवटी.

मसालाबेट

लागलं, पण त्यासाठी माणसं मेल्यावर. संसदेत दोन चांगले विरोधी पक्ष असते तर तो भत्ता समितीतच अडला असता. मेगावतींच्या पक्षाचे खासदारही त्याच भत्त्याचे लाभार्थी होते हेही लक्षात घ्या, म्हणजे बाहेर बसलेलाही पूर्ण बाहेर नाहीच.

आकडेमोड

आता बघायचं ते उपमंत्र्यांचं. न्यायालयाची दोन वर्षांची मुदत ऑगस्ट 2027 ला संपते. तोपर्यंत किती जण कंपनीची खुर्ची सोडतात आणि किती जण उपमंत्रिपद सोडून कंपनीत राहतात, याची यादी करायला घेतोय. कुणाला बातम्या दिसल्या तर इथेच टाका.

चहातखारी

दुसऱ्या प्रकारचे जास्त निघणार, लावताय पैज?

दक्षिणजकार्ता

आमच्या ऑफिसातली पोरं घेतील, त्यांना सवय आहे.